शेपूट कुठं टेकतं

चाकांवरचं घर बघायला वसई-विरारच्या माणसाला लांब जावं लागत नाही. नायगाव पूर्वेला मालिकांचे सेट उभे राहिले, कामणपर्यंतच्या पट्ट्यातले बंगले चित्रीकरणासाठी भाड्याने जाऊ लागले, आणि व्हॅनिटी व्हॅन हे इथलं रोजचं वाहन झालं. बसच्या नाहीतर ट्रकच्या चासीवर बांधलेली लांबलचक पेटी. आत आरसा, पलंग, संडास, एसी, पाण्याची टाकी आणि मागे जनरेटर. हिंदी चित्रपटसृष्टीत ही गाडी रुळवण्याचं श्रेय अभिनेत्री पूनम ढिल्लाँ यांना दिलं जातं. ती गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. आता अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्याकडे सुट्टीला निघालेली एखादी कॅरव्हॅनही आगाशीच्या रस्त्यावर दिसून जाते.

महामार्गावर या गाड्यांना काही त्रास नसतो. घोळ होतो तो शेवटच्या दहा मीटरांत, रस्ता सोडून फाटकात वळताना. पुढची चाकं रॅम्पवर चढतात, ड्रायव्हर सुटकेचा श्वास टाकतो आणि मागून खर्रर्र आवाज येतो. बंपर नाहीतर सांडपाण्याच्या टाकीचा नळ काँक्रीटवर घासलेला असतो. मग नेहमीचा निवाडा ऐकू येतो: "चढ फार आहे." हा निवाडा अर्धवट आहे. कसारा घाट चढताना याच गाडीचं बूड कुठेही टेकत नाही. नुसत्या चढाने गाडी घासत नाही. सपाटी आणि चढ यांचा सांधा एकदम बदलतो, म्हणून ती घासते. एवढं ध्यानात आलं की निम्मं काम झालं, कारण सांधा मोजता येतो.

गाडीला तीन जागी धोका असतो. पहिली जागा पुढच्या चाकांच्या पुढचा भाग, म्हणजे नाक. दुसरी दोन धुऱ्यांच्या मधलं पोट. तिसरी मागच्या चाकांच्या मागे लोंबणारी शेपटी. बुटक्या सेडानचं नाक किंवा पोट लागतं. लांब व्हीलबेसच्या टेम्पो ट्रॅव्हलरचं पोट उंच गतिरोधकावर टेकू शकतं. फोर्सच्या ट्रॅव्हलरच्या नावातला ३३५०, ३७०० किंवा ४०२० हा आकडा म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं मिलिमीटरमधलं अंतर. आकडा वाढला की पोटाची चिंता वाढते. व्हॅनिटी व्हॅन आणि मोठ्या मोटरहोमच्या बाबतीत मात्र गुन्हेगार बहुतेक वेळा शेपटीच असते. जास्तीत जास्त खोली बसवायची म्हणून पेटी मागे ओढलेली असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९३ व्या नियमाने हे लोंबणं व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपर्यंतच चालवून घेतलं आहे. ही मर्यादा रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी आहे. तुमच्या सोसायटीच्या रॅम्पची ती हमी देत नाही.

आता एक गाडी डोळ्यांसमोर धरू. व्हीलबेस ४.२ मीटर. मागच्या चाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत २.४ मीटर, म्हणजे नियमात बसणारं. शेपटीखालची सर्वांत खालची वस्तू जमिनीपासून २५ सेंटिमीटरवर. ही वस्तू बंपरच असेल असं नाही. जनरेटरची पेटी, पायरी, टोइंगचा हुक, टाकीचा नळ, यांपैकी जे खाली असेल ते मोजायचं. चिखल अडवणारं रबर मोजायचं नाही, ते घासलं तरी वाकतं. आणि मोजायचं ते टाक्या भरलेल्या, सामान चढवलेलं, माणसं आत, अशा अवस्थेत. रिकाम्या गाडीचं माप फसवं असतं, कारण तीनशे लिटर पाणी म्हणजे मागच्या स्प्रिंगवर तीनशे किलो.

२४० भागिले २५ म्हणजे साधारण ९.६. ही गाडी ९.६ फुटांना एक फूट एवढ्या उताराचा एकदम बदल सहन करते, त्याहून जास्त नाही. आता रॅम्प बघा. आठ फुटांना एक फूट, म्हणजे १:८ चा रॅम्प आपल्याकडे कुठेही भेटतो, आणि सव्वासात अंशांहूनही कमी असलेला हा कोन डोळ्यांना मुळीच भीतीदायक वाटत नाही. मागची चाकं रॅम्पच्या पायथ्याशी आली की पुढची चाकं पुरती चढावर असतात, आणि अख्खी गाडी १:८ ने मागे झुकलेली असते. २.४ मीटर मागे असलेली शेपटी तेव्हा ३० सेंटिमीटर खाली उतरते. जागा होती २५ ची. पाच सेंटिमीटर कमी पडले, तेवढाच तो खर्रर्र.

रॅम्पचा उतार मोजायला गवंड्याची पाणसळ आणि एक मीटरची सरळ पट्टी पुरते. पट्टी रॅम्पवर ठेवायची, तिचं खालचं टोक बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचलायचं आणि टोकाखालची फट मोजायची. साडेबारा सेंटिमीटर फट म्हणजे १:८. दहा म्हणजे १:१०. शंभराला फटीच्या सेंटिमीटरने भागलं की रॅम्पचा आकडा मिळतो. गाडीचा आकडा रॅम्पच्या आकड्यापेक्षा मोठा असला की घासणार. ही तुलना घरबसल्या होते. दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला पाणसळ ठेवून फोटो पाठवायला सांगितलं तरी भागतं.

पण या हिशेबातून एक गोष्ट निसटते आणि वसईत ती हमखास आडवी येते. रस्ता सपाट नसतो. पावसाचं पाणी कडेला वाहून जावं म्हणून तो मधोमध उंच आणि कडेला उतरता बांधलेला असतो. आपल्यासारख्या मुसळधार पावसाच्या मुलखात हा कॅम्बर दोन ते अडीच टक्क्यांचा ठेवतात. रस्त्याने सरळ जाणाऱ्या गाडीला तो जाणवतही नाही. फाटकाकडे काटकोनात वळलेल्या गाडीसाठी मात्र तो उतरण होतो, आणि उतरणीच्या तळाशी रॅम्प सुरू होतो. शेपटी आता रस्त्याच्या मधल्या, उंच भागावर लोंबते. २.४ मीटरला अडीच टक्के म्हणजे सहा सेंटिमीटर. पाचाची तूट अकरावर गेली. शेजारच्या सोसायटीत तीच गाडी तशाच रॅम्पवर का चढली आणि इथे का नाही, याचं उत्तर पुष्कळदा रॅम्पमध्ये सापडत नाही. ते समोरच्या रस्त्याच्या पाठीत असतं.

इथले रॅम्प असे का झाले, तेही बघायला हवं. वसई-विरार हा खाड्या, मिठागरं आणि वाड्या यांच्यामधला सखल मुलूख. जुलै २०१८ मध्ये दिवसचे दिवस पाणी उतरलं नाही, नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, वीज गेली, मिठागरातल्या वस्तीची माणसं अडकली. त्या आधीपासूनच इथला प्रत्येक बांधणारा जोतं उंच घेत आला आहे, आणि ते शहाणपणाचंच होतं. पण एका बाजूला जोतं चढतं आणि दुसऱ्या बाजूला रस्ताही चढतो, कारण जुना थर न खरवडता त्यावर नवा थर पडतो. मग जुन्या इमारतींचं फाटक रस्त्याच्या खाली जातं आणि नव्यांचं फुटा-दोन फुटांनी वर राहतं. मधल्या गटारावर फरश्या किंवा जाळी. रस्ता झाला की शेवटच्या दोन दिवसांत कोणीतरी गवंडी बोलावून तो उंबरठा काँक्रीटने भरून घेतं. जागा कमी, म्हणून चढ आखूड आणि सांधा धारदार. चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून २००९ मध्ये ही महापालिका झाली; वाडीतली बैलगाडीची वाट आणि दहा मजली टॉवरची वाट आज एकाच रस्त्याला येऊन मिळतात. महामार्गावरही हेच. घोडबंदरपासून तलासरीच्या बाजूला अच्छाडपर्यंत डांबरी रस्त्यावर काँक्रीटचा थर चढवण्याचं काम झालं, तेव्हा कडेच्या ढाब्यांना आणि पंपांना आपापल्या तोंडाशी नवा उतार जुळवून घ्यावा लागला.

रॅम्प आजच्या आज बदलता येत नाही. गाडी मात्र आजच आत घ्यायची असते. तिथे सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे मागच्या चाकांखाली फळ्या. बरेच जण फळी चुकीच्या जागी टाकतात, म्हणून हे जरा सावकाश सांगतो. शेपटी घासते तिथे फळी टाकून काही होत नाही; उलट घासायला आणखी उंच वस्तू मिळते. चाक उचललं पाहिजे. मागचं चाक पाच सेंटिमीटर उचललं की शेपटी पाचाहून जास्त उचलली जाते, कारण पुढचं चाक हा टेकू आणि शेपटी हे लांबचं टोक. आपल्या गाडीत ती जवळजवळ आठ सेंटिमीटर वर येते. पाचाची तूट भरून निघते आणि वर तीन सेंटिमीटर हाती राहतात. कॅम्बरमुळे तूट अकरावर गेली असेल तर फळी सात-आठ सेंटिमीटरची हवी.

आणि किती लांब? हिशेब केला तर आश्चर्य वाटेल इतकी थोडी. रस्ता सपाट धरला तर पुढून आत शिरताना ही शेपटी फक्त एका छोट्या टप्प्यात जमिनीला भिडते: मागचं चाक पायथ्याच्या ७० सेंटिमीटर अलीकडे आल्यापासून पायथा ओलांडून ४० सेंटिमीटर वर चढेपर्यंत. एकूण एक मीटर दहा. त्याआधी गाडी पुरेशी झुकलेली नसते, त्यानंतर मागचं चाकच चढू लागतं आणि शेपटीला वर नेतं. तेव्हा दीड-पावणेदोन मीटरची फळी पायथ्याच्या दोन्ही बाजूंना पसरली की झालं. गाडी उलटी घेतलीत तर हाच पट्टा आरशातल्यासारखा फिरतो: पायथ्याच्या ४० सेंटिमीटर अलीकडून ७० पलीकडपर्यंत. "रिव्हर्समध्ये घाल, लागणार नाही" हा सल्ला मात्र खरा नाही. सांधा तोच, शेपटी तीच, तूटही तेवढीच. उलट्या गाडीत फक्त एवढाच फरक पडतो की शेपटी घसटत जात नाही, समोरून रॅम्पवर आदळते, आणि ते बंपरला जास्त महागात पडतं.

फळी कुठली? बांधकामाच्या जागेवरच्या शटरिंगच्या जाड फळ्या चालतात, दोन थर ठोकून जोडलेल्या असल्या तर उत्तम. खाली जुन्या टायरच्या रबराचा तुकडा घातला की ओल्या काँक्रीटवर त्या सरकत नाहीत. जून ते सप्टेंबर इथे कोरडी फरशी मिळणं अवघड, आणि मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या गाडीखालून सुटलेली फळी माणसाच्या नडगीवर येते. अशा गाड्यांना मागे बहुधा जोडचाकं असतात. फळी दोन्ही टायर मावतील एवढी रुंद हवी. एकच टायर फळीवर चढला तर त्या बाजूचा सगळा भार त्याच्यावर येतो. गटारावरच्या फरशीवर भरवसा ठेवू नये. तिची जाडी आणि खालचा आधार बघूनच चाक न्यावं. मोटारसायकलींसाठी टाकलेली फरशी सात-आठ टनांची गाडी पेलेल, असं गृहीत धरायचं नाही.

फळी मिळाली नाही तर तिरकं शिरणं हा दुसरा मार्ग. रॅम्पवर तीस अंश तिरकं चढलं की १:८ चा चढ गाडीला १:९.२ इतका सौम्य लागतो. आपल्या गाडीची तूट पाचावरून जेमतेम एका सेंटिमीटरवर येते. पण फाटक रुंद लागतं, आणि आठ मीटरची गाडी तिरकी घालताना मागचा कोपरा फाटकाच्या खांबाकडे झेपावतो. शिवाय एक मागचं चाक वर आणि एक खाली असं झालं की अख्खी पेटी पिळवटते. बसच्या रिकाम्या सांगाड्याला ते चालून जातं. आत काच, कपाटं, नळजोड असलेल्या घराला चालत नाही. गळती दुसऱ्या दिवशी पलंगाखाली सापडते. तिरकी वाट थोड्या तुटीपुरतीच ठेवावी. टायरमधली हवा कमी करण्याची क्लृप्ती तर अगदीच उलटी, तिने गाडी आणखी खाली बसते. एअर सस्पेन्शन असेल तर मागची बाजू फुगवून घ्यावी. नसेल तर निदान सांडपाणी आणि पाणी आधी रिकामं करावं, माणसं उतरवावीत.

वर बघायला कोणीच सांगत नाही, म्हणून हे ठासून सांगायला हवं. रस्ता आणि रॅम्प यांच्या खोबणीवर गाडी आडवी पसरली, की पुढची चाकं चढावर आणि मागची सपाटीवर असतात, आणि मधलं पोट खोबणीपासून नेहमीपेक्षा वर राहतं. पोट वर म्हणजे छतही वर. आपल्या गाडीत हा फरक १३ सेंटिमीटरचा आहे. ३.२ मीटर उंच गाडी सपाट रस्त्यावर ३.३ मीटरच्या कमानीखालून सहज जाते. तीच कमान बरोबर खोबणीवर असेल तर छतावरच्या एसीचं टोपण उडतं. फाटकाची कमान बहुधा त्याच रेषेत असते. वाडीत आंब्याची फांदी, टीव्हीची केबल आणि विजेची तार हेही मोजायचं. तारेच्या बाबतीत बांबूने उचलून बघण्याचा प्रयोग कधीही करायचा नाही.

आता प्रत्यक्ष आत घेणं. क्लीनरने शेपटीच्या मागे उभं राहू नये. उतारावर गाडी मागे आली तर भिंत आणि गाडी यांच्यात पळायला जागा नसते. त्याची जागा ड्रायव्हरच्या बाजूच्या मागच्या चाकाच्या तिरक्या रेषेत, आरशात दिसेल अशी, गुडघ्यात वाकून. त्याच्या हातात लाकडी ठोकळा. बोलायचे शब्द तीनच: "येऊ दे", "हळू", "थांब". ड्रायव्हर पहिल्या गिअरमध्ये, रेस न वाढवता. वेगात खोबणीत उतरलेली गाडी स्प्रिंगवर बसते आणि वाचलेले दोन-तीन सेंटिमीटर तिथेच जातात. "एकदम दाबून काढ" म्हणणाऱ्या बघ्यांकडे दुर्लक्ष करावं. शेपटी टेकलीच तर पुढे रेटायचं नाही: थांबायचं, चाकांना ठोकळे लावायचे, मागे घेऊन फळी वाढवायची. नळ तुटण्याआधीचा पहिला हलका आवाज हा सगळ्यांत स्वस्त इशारा असतो.

खोबणीचा हाच प्रकार फेरीबोटीवर भेटतो. भाईंदर-वसई रो-रो फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, विरारजवळच्या नारंगीहून पलीकडे खारवाडेश्रीकडे जाणारी एप्रिल २०२५ मध्ये. धक्क्याचा काँक्रीटचा उतार पाण्यात जातो, बोटीची लोखंडी झडप त्यावर टेकते, आणि उतरण संपून झडपेचा चढ सुरू होतो तिथे खोबण तयार होते. भरती-ओहोटीने पाण्याची पातळी कित्येक मीटर बदलली तरी सारख्या उताराच्या धक्क्यावर बोट पुढेमागे सरकून आपली जागा शोधते, त्यामुळे खोबणीचा कोन फारसा बदलत नाही. धक्का लांब आणि उतरता बांधण्यामागचा हेतूच तो. ओहोटीला मात्र चाकं उताराच्या खालच्या, शेवाळलेल्या भागावर असतात. लांब शेपटीची गाडी असेल तर बोटीवरच्या माणसाला आधी सांगावं. झडपेच्या कडेला फळी टाकायची ती त्याला माहीत असते.

राहिला रॅम्प स्वतः. सोसायटीच्या सभेत तो दर दोन वर्षांनी निघतो, आणि दर वेळी "चढ कमी करा" एवढंच ठरतं. जोतं साठ सेंटिमीटर उंच असेल तर १:८ ने रॅम्प ४.८ मीटर लांब होतो. सगळाच सौम्य करायला जागा नसते. पण तळाचे पहिले दोन मीटर १:१६ ने घेतले आणि त्यापुढे १:८ ठेवला, तर एकूण लांबी ५.८ मीटर होते. जास्तीचा एकच मीटर. आणि सपाट रस्त्यावरून येणारी आपली ती पाच सेंटिमीटर कमी पडणारी गाडी फळीशिवाय दोन सेंटिमीटर राखून वर जाते. एका धारदार सांध्याचे दोन बोथट सांधे केले, एवढंच. हा मीटर रस्त्यावर घ्यायचा नाही. रस्त्यावर आलेला रॅम्प गटार अडवतो आणि पुढच्या पावसात पाणी शेजाऱ्याच्या तळमजल्यात शिरतं. मीटर फाटकाच्या आतून घ्यायचा, फाटक आत सरकवून किंवा दुचाक्यांची रांग हलवून. पृष्ठभाग गुळगुळीत न करता ओल्या काँक्रीटवर आडवे चर ओढून घ्यायचे आणि पाण्याला जाळीतून गटारात वाट ठेवायची. गवंड्याला रेघ मारून द्यायची ती दोन ठिकाणी: फाटकापाशी, जिथून १:१६ सुरू होतो, आणि आत दोन मीटरवर, जिथे चढ साडेबारा सेंटिमीटर वर आलेला हवा. मापाची खूण भिंतीवर रंगाने ठेवली, तर पुढचा रस्त्याचा थर पडेल तेव्हा किती गेलं ते सभेत पट्टी लावून दाखवता येतं.